जिथे झोपायचं नाही तिथे: कर्नलमधली ‘माइट-स्लीप’ तपासणी कशी वाचायची आणि कुठे घालायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीच्या ऑफिसातल्या बोर्डवर सहा महिने बिनतक्रार चाललेला लिनक्स ड्रायव्हर ग्राहकाच्या बोर्डवर मधूनच ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ (झोपायची मनाई असताना झोपलास) असं ओरडतो, आणि कधीकधी बोर्ड जागच्या जागी थिजतो. सीनियर म्हणतात, सगळीकडचं जीएफपी-कर्नल, म्हणजे मेमरी मागताना ‘लागल्यास वाट बघेन’ असं सांगणारा फ्लॅग, काढून ‘वाट बघणार नाही’ सांगणारं जीएफपी-अ‍ॅटॉमिक घाला आणि उरलेल्या जागी ‘इथे झोपायला मनाई आहे का’ हे सांगणारं इन-अ‍ॅटॉमिक विचारून कोडला दोन वाटा करा. हे बरोबर आहे का, आणि अशी चूक ग्राहकाकडे जाण्याआधी पकडणारी तपासणी आपल्या कोडमध्ये कशी घालायची?

दोन्ही सल्ले घेऊ नका. का, ते पुढे सांगते. (फंक्शनची नावं देवनागरीत लिहिते आहे. जोडरेघ दिसेल तिथे कोडमध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोअर आहे असं समजा.)

स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायचं असा लॉक) हातात असताना, इंटरप्टच्या (हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेच्या) आत किंवा प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं) बंद असताना झोपायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. झोपणं म्हणजे शेड्यूलरच्या, म्हणजे सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्याच्या, हाती सीपीयू देऊन कशाची तरी वाट बघत बसणं. नियम एका ओळीचा आहे. तरी तो मोडल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही, कारण झोपू शकणारी बहुतेक फंक्शनं बहुतेक वेळा झोपत नाहीत. जीएफपी-कर्नल देऊन मागितलेली मेमरी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हातोहात मिळते. मेमरीची टंचाई असेल तेव्हाच पानं (मेमरीचे तुकडे) मोकळी होण्याची वाट बघावी लागते. म्यूटेक्स, म्हणजे वाट बघताना झोपू देणारा लॉक, मोकळा असेल तर लगेच मिळतो, दुसऱ्या कुणी धरला असेल तरच झोप. युजरकडून डेटा उचलणारं कॉपी-फ्रॉम-युजर ते पान मेमरीत असेल तर सरळ पुढे जातं, पेज फॉल्ट आला, म्हणजे पान मेमरीत नसलं, तरच अडकतं. तुमच्या टेबलावरच्या बोर्डला मेमरी मोकळी, लॉकसाठी भांडणारं कुणी नाही, पानं सगळी गरम. तिथे चूक दिसणार कशी?

म्हणून कर्नलमधली तपासणी ‘झोपला का’ हे विचारतच नाही. ती ‘झोपू शकतो का’ हे विचारते, आणि दरवेळी विचारते. म्यूटेक्स-लॉक या फंक्शनची सुरुवातच माइट-स्लीप या मॅक्रोने होते, मग म्यूटेक्स मोकळा असो वा नसो. मेमरी देणारं फंक्शनही फ्लॅग बघून, हा वाट बघायला तयार आहे असं दिसलं की आत शिरतानाच तपासतं. रात्री अकराला मुंबईत नाकाबंदी लागते तेव्हा पोलीस तुमच्या तोंडाशी यंत्र धरतात ते तुम्ही कुणाला ठोकलं म्हणून नव्हे. या रस्त्याने या अवस्थेत जायचं नाही, एवढंच ते बघतात. माइट-स्लीप तेच करतं. बाकीचं सगळं यावरून निघतं, म्हणून इथे जरा रेंगाळले.

मला हे नीट कळलं ते मागच्या पावसाळ्यात. तळोज्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही ड्रायव्हर दिला होता. वजन मर्यादेबाहेर गेलं की एक रिले बंद व्हायचा आणि पट्टा थांबायचा. रिले जीपीआयओच्या (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या) एका पिनवर होता. कोड माझाच. नोंदींची यादी आणि काट्याची अवस्था स्पिनलॉकखाली बदलत होते, आणि त्याच लॉकच्या आत ‘वजन जास्त’ या फांदीत रिलेची पिन खाली ओढत होते. पिन बदलायला जीपीआयओडी-सेट-व्हॅल्यू-कॅनस्लीप वापरलं होतं. नावातच ‘कॅनस्लीप’ आहे, आणि तरी मी ते स्पिनलॉकच्या आत लिहिलं. आधी साधं जीपीआयओडी-सेट-व्हॅल्यू होतं. कुणीतरी दुसऱ्या बोर्डवर त्याची वॉर्निंग पाहिली आणि ‘कॅनस्लीप लाव, वॉर्निंग जाते’ म्हणाला. मी लावलं आणि वॉर्निंग गेली. ती वॉर्निंग नेमकं हेच सांगत होती, की ही पिन झोपणाऱ्या चिपवर आहे, इथून हलवू नका.

आमच्या टेबलावरच्या बोर्डवर रिलेची पिन थेट प्रोसेसरच्या अंगावर होती. एक रजिस्टर लिहिलं की काम झालं, झोपेचा प्रश्नच नाही. रोज सकाळी जास्त वजन ठेवून आम्ही ती फांदी मुद्दाम चालवत होतो. शेकडो वेळा चालली आणि लॉग कोरा राहिला. तळोज्याच्या बोर्डवर पिना कमी पडल्या म्हणून हार्डवेअरवाल्यांनी रिले आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरच्या एक्सपांडरवर, म्हणजे जादा पिना देणाऱ्या चिपवर, नेला होता. तिथे पिन हलवायची म्हणजे बसवर पत्त्याचा एक बाइट आणि डेटाचा एक बाइट पाठवायचा. १०० किलोहर्ट्‌झच्या बसवर पोचपावतीचे बिट धरून १८ बिट, म्हणजे साधारण ०.२ मिलिसेकंद. तेवढा वेळ बसचा ड्रायव्हर ‘पाठवून झालं’ या इंटरप्टची वाट बघत झोपतो. आणि माझ्या हातात स्पिनलॉक. तेवढ्यात काट्याचा इंटरप्ट त्याच कोअरवर आला तर त्याचा हँडलर तोच लॉक मागत गोल गोल फिरत बसणार. बसचा इंटरप्टही त्याच कोअरवर यायचा, आणि हा हँडलर इंटरप्ट बंद ठेवून फिरतोय. कुणीच कुणाला सोडवू शकत नाही. दिवसातून एकदा-दोनदा वॉचडॉग (थिजलेला बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) बोर्ड रीसेट करायचा आणि लॉगमध्ये एक अक्षर नसायचं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून पीसीएफ ८५७४ या अशाच एक्सपांडरचं एक मॉड्यूल आणलं, तारा जोडून रिले त्यावर टाकला, तेव्हा ऑफिसात बोर्ड थिजताना पहिल्यांदा पाहिला. पण खरा धडा त्यानंतरचा. मॉड्यूल काढून टाकलं, पिन परत प्रोसेसरवर आणली, आणि फक्त कर्नल ‘डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप’ (माइट-स्लीपला तपासायला लावणारा पर्याय) चालू करून बांधला. सकाळच्या पहिल्याच वजनाला लॉगमध्ये पूर्ण पत्रक छापून आलं. झोप लागलीच नव्हती, या बोर्डवर लागणारही नव्हती, तरी तपासणीने पकडलं, कारण ती कॅनस्लीपच्या दारात बसलेली आहे. मॉड्यूल, तारा, तळोज्याच्या खेपा, यातलं काहीच लागलं नसतं.

आता कुणीही विचारेल, की कर्नलला स्वतःलाच कळत नव्हतं का आपण लॉक धरून झोपतोय? नव्हतं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. प्रत्येक टास्क किंवा सीपीयूसाठी कर्नल ‘प्रीएम्प्ट-काउंट’ नावाचा एक आकडा सांभाळतं. स्पिनलॉक घेतला की तो एकाने वाढतो, सोडला की कमी होतो. पण प्रीएम्प्शन नसलेला कर्नल बांधला तर वेग वाचवण्यासाठी ही वाढ-घट कोडमधून काढूनच टाकली जाते. इंटरप्ट आणि सॉफ्टआयआरक्यूचे (इंटरप्टमधून पुढे ढकललेल्या कामाचे) बिट तेवढे उरतात. मग स्पिनलॉक हातात असला तरी आकडा शून्यच दाखवतो. आमच्या तळोज्याच्या कर्नलमध्ये हेच होतं, म्हणून शेड्यूलरलाही पत्ता नव्हता. तुमच्या ग्राहकाच्या कर्नलमध्ये आकडा मोजला जातोय, म्हणून निदान ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ तरी छापून येतंय. ती तपासणी शेड्यूलरमध्येच बसलेली आहे, वेगळी चालू करावी लागत नाही. पण ती प्रत्यक्ष झोपतानाच ओरडते. डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप चालू केलं की मोजणीही आपोआप चालू होते, आणि ओरडणं दारातच होतं.

यातच तुमच्या सीनियरच्या दुसऱ्या सल्ल्याचं उत्तर आहे. इन-अ‍ॅटॉमिक हाच आकडा बघतं. मोजणी नसलेल्या कर्नलवर ते स्पिनलॉकखालीही ‘नाही, खुशाल झोप’ असं सांगेल, आणि तुमचा कोड नेमका चुकीच्या वाटेने जाईल. कर्नलच्या हेडर फाइलमध्ये त्या मॅक्रोच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय की ड्रायव्हरच्या कोडमध्ये हे वापरू नका. आपल्याला कुठून बोलावलं जातंय हे फंक्शनने हुडकत बसायचं नसतं. ते बोलावणाऱ्याला माहीत असतं आणि त्यानेच सांगायला हवं, फ्लॅग देऊन किंवा दोन वेगळी फंक्शनं ठेवून. क्लॉकच्या फ्रेमवर्कने हे फार छान केलंय. क्लॉक-प्रिपेअर झोपू शकतं, क्लॉक-एनेबल झोपत नाही. आधी निवांतपणे प्रिपेअर करून ठेवा, मग इंटरप्टमधूनही एनेबल करा. नाव वाचलं की करार कळतो.

पहिला सल्ला, म्हणजे सरसकट जीएफपी-अ‍ॅटॉमिक, मला त्याहून जास्त खटकतो. त्याने फक्त मेमरी मागण्यापुरती तक्रार थांबते. म्यूटेक्स, युजरचा डेटा, बसवरची वाट, सगळं तसंच राहतं. शिवाय अ‍ॅटॉमिक मागणी पानं मोकळी होण्याची वाट बघू शकत नाही, ती राखीव साठ्यात हात घालते आणि टंचाईत सरळ नाही म्हणते. आज जी चूक ‘इथे झोपू नका’ म्हणून ओरडते आहे, ती उद्या रिकामा पॉइंटर होऊन येईल. जिथे खरोखर स्पिनलॉकखालीच मेमरी हवी तिथे जरूर वापरा, आणि मग कर्नलचं फॉल्ट इंजेक्शन चालू करून मागण्या मुद्दाम फसवून बघा. बाकी ठिकाणी लॉक घेण्याआधी मेमरी घ्या.

आता लॉग वाचायला बसू. माझ्या बोर्डवरचं पत्रक साधारण असं होतं:

बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट अ‍ॅट ड्रायव्हर्स/जीपीआयओ/जीपीआयओलिब.सी
इन-अ‍ॅटॉमिक(): १, आयआरक्यूज-डिसेबल्ड(): १२८, नॉन-ब्लॉक: ०
प्रीएम्प्ट-काउंट: १, एक्स्पेक्टेड: ०
आरसीयू नेस्ट डेप्थ: ०, एक्स्पेक्टेड: ०

पहिल्या ओळीतली फाइल बघून लोक जीपीआयओच्या कोडमध्ये बग शोधायला निघतात. ती फक्त नाकाबंदीची जागा आहे. चूक वर, बोलावणाऱ्याकडे आहे. १२८ बघून घाबरू नका. एआरएम प्रोसेसरवर इंटरप्ट बंद असल्याचा बिट सातव्या घरात असतो, म्हणून १ ऐवजी १२८ दिसतं, अर्थ एवढाच की इंटरप्ट बंद आहेत. तिसरी ओळ सर्वांत मोलाची. हा आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) छापलेला असतो आणि त्याचे कप्पे आहेत: उजवीकडचे ८ बिट प्रीएम्प्शनचे, पुढचे ८ सॉफ्टआयआरक्यूचे, त्यापुढचे ४ हार्ड इंटरप्टचे. म्हणून नुसता १ म्हणजे बहुधा एक स्पिनलॉक. २०१ म्हणजे बीएच, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू, बंद करणारा स्पिनलॉक. १०० पासून सुरुवात म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष सॉफ्टआयआरक्यूत आहात. टायमरचा कॉलबॅक इथेच सापडतो. १०००० असेल तर हार्ड इंटरप्टच्या हँडलरमध्ये. माझा १ आणि १२८ एकत्र वाचले की स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह (इंटरप्ट बंद करून घेतलेला स्पिनलॉक) समोर उभा राहतो, बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं याची यादी) बघायच्या आधीच.

तुमच्या ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’च्या ओळीत प्रोसेसचं नाव, पीआयडी आणि शेवटी आठ आकडी हेक्स आहे. तिथे २ दिसला तर दोन लॉक शोधत बसू नका. शेड्यूलर स्वतः आत शिरताना एक वाढवतो, तुमचा एकच आहे.

आरसीयूची (वाचणाऱ्याला न अडवणाऱ्या यंत्रणेची) ओळ अलीकडच्या कर्नलमध्ये आली आणि ती हवीच होती. प्रीएम्प्ट होऊ शकणाऱ्या कर्नलमध्ये आरसीयू-रीड-लॉक घेतल्यावर प्रीएम्प्ट-काउंट वाढत नाही, त्याची खोली वेगळी मोजली जाते. इन-अ‍ॅटॉमिक शून्य आणि इंटरप्ट चालू, तरी तक्रार का, असं वाटलं की या ओळीकडे बघा. वाचताना झोपावंच लागत असेल तर त्यासाठी एसआरसीयू आहे.

बांधताना डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीपबरोबर प्रूव्ह-लॉकिंगही चालू करा. ही इंगो मोल्नार यांनी लिहिलेली आणि २००६ मध्ये २.६.१८ मध्ये आलेली, लॉकांचा वापर तपासणारी लॉकडेप. ती असली की पत्रकाखाली कुठले लॉक कुणी कुठे घेतले याची यादी येते. डीबग-प्रीएम्प्टही चालू असेल तर ‘प्रीएम्प्शन डिसेबल्ड अ‍ॅट’ ही ओळ नेमकी जागा दाखवते. एक लक्षात ठेवा: लॉकडेप पहिली तक्रार केल्यावर स्वतःला बंद करून घेते. बूट होताना दुसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरने तिला ओरडायला लावलं असेल तर तुमच्या वेळी ती मुकी असते. माइट-स्लीप तसं बंद होत नाही, पण सेकंदाला एकाहून जास्त पत्रक छापत नाही. एक दिसलं म्हणजे एकच आहे असं धरू नका. दुरुस्त करा, परत चालवा, पुन्हा बघा.

स्वतःच्या कोडमध्ये कुठे घालायचं? जे फंक्शन कधीही, कुठल्याही फांदीत झोपू शकतं त्याच्या पहिल्या ओळीत. पहिल्याच. मी परीक्षण करते तेव्हा सर्वांत जास्त दिसणारी चूक ही: फंक्शन आधी कॅशमध्ये बघतं, सापडलं तर परत फिरतं, नाही तर म्यूटेक्स घेऊन डिव्हाइसला विचारतं, आणि माइट-स्लीप त्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं. तिथे त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे म्यूटेक्स तपासतोच आहे. कॅशच्या आधी लिहा, म्हणजे कॅश गरम असतानाही चुकीचा बोलावणारा पकडला जाईल. फ्लॅगवर अवलंबून असेल तर माइट-स्लीप-इफ आहे. फंक्शनवरच्या टिपणीत ‘कॉन्टेक्स्ट’ या मथळ्याखाली ‘प्रोसेस कॉन्टेक्स्ट, झोपू शकतं’ असंही लिहा. कर्नलच्या दस्तऐवजांची तीच पद्धत आहे.

उलट बाजूची तपासणीही आहे. एखादं फंक्शन प्रीएम्प्शन बंद असतानाच बोलावलं जावं असं तुम्ही धरून चालला असाल तर कान्ट-स्लीप घाला. आणि २०१९ मध्ये ५.४ मध्ये नॉन-ब्लॉक-स्टार्ट आणि नॉन-ब्लॉक-एंड ही जोडी आली. तिथे लॉक वगैरे काही नसतो, पण मेमरी संपल्यावर प्रोसेस मारून पानं सोडवणाऱ्या वाटेवर कुणी मेमरीचीच वाट बघत बसला तर सगळंच अडेल, म्हणून मनाई. पत्रकातला ‘नॉन-ब्लॉक’ तो हाच.

तपासणीला न दिसणाऱ्या जागाही माहीत असू द्या. न चाललेला कोड ती तपासू शकत नाही, म्हणून चुकीच्या फांद्या मुद्दाम चालवाव्या लागतात. त्या बाजूने डॅन कार्पेंटर यांचं स्मॅच हे साधन कोड न चालवता वाचून बरंच शोधून देतं. बूटच्या अगदी सुरुवातीला, शेड्यूलर उभा राहीपर्यंत, तपासणी गप्प असते. आणि मशीन बंद किंवा रीस्टार्ट होतानाही ती गप्प होते, ती अवस्था ड्रायव्हरचे शटडाउन कॉलबॅक चालण्याआधीच लागू झालेली असते. म्हणजे तुमच्या शटडाउन फंक्शनला तिचा आधार नाही, ते डोळ्यांनी वाचावं लागतं.

दुरुस्तीचं सांगायचं तर माझ्या कोडमध्ये चार ओळी हलल्या. रिले बंद करायचा की नाही हा निर्णय लॉकखाली एका व्हेरिएबलमध्ये ठेवला, लॉक सोडला, मग पिन हलवली. तो भाग हँडलरमधूनही येत होता, म्हणून तिथे थ्रेडेड इंटरप्ट (ज्याचं काम झोपू शकणाऱ्या थ्रेडमध्ये चालतं) केला. ही सोय २००९ च्या २.६.३० पासून आहे आणि बसवरच्या डिव्हाइससाठी तीच सरळ वाट आहे. लॉक घेणारे सगळेच जर झोपू शकत असतील तर स्पिनलॉकच्या जागी म्यूटेक्स ठेवा आणि मोकळे व्हा.

रिअल-टाइम कर्नल तुमच्या वाटेत असेल तर आणखी एक. तो २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आहे. तिथे साधा स्पिनलॉक स्वतःच झोपणारा लॉक होतो, रॉ-स्पिनलॉक तेवढा जुन्यासारखा फिरत राहतो. त्यामुळे रॉ-स्पिनलॉकच्या आत साधा स्पिनलॉक, किंवा जीएफपी-अ‍ॅटॉमिकची मागणीसुद्धा तिथे चूक ठरते. सगळीकडे अ‍ॅटॉमिक करून टाकलेला ड्रायव्हर तिथे वाचत नाही. लॉकडेपमधलं प्रूव्ह-रॉ-लॉक-नेस्टिंग हे साध्या कर्नलवरच दाखवून देतं.

हाच विचार दुसऱ्या कर्नलमध्येही आहे. नेटबीएसडीत अ‍ॅसर्ट-स्लीपेबल आहे, फ्रीबीएसडीत विटनेस. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये फंक्शनच्या तोंडाशी पेज्ड-कोड लिहितात, आणि ड्रायव्हर व्हेरिफायर तर पुढे जाऊन आयआरक्यूएल (इंटरप्टची पातळी) वाढला की पेज होऊ शकणारी मेमरी काढूनच घेतो, म्हणजे क्वचित येणारा फॉल्ट दरवेळी येतो.

आज संध्याकाळी एवढं करा. ऑफिसातल्या बोर्डसाठी डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप, प्रूव्ह-लॉकिंग आणि डीबग-प्रीएम्प्ट चालू करून कर्नल बांधा, ड्रायव्हरला हात लावू नका, आणि एरर येणाऱ्या सगळ्या फांद्या एकेकदा चालवा. ग्राहकाच्या बोर्डवर पिना, रेग्युलेटर, क्लॉक यातलं काय आय-टू-सी किंवा एसपीआय बसच्या मागे आहे तेही त्याच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय याच्या वर्णनात) बघून ठेवा. पत्रक आलं की प्रीएम्प्ट-काउंटची ओळ, ‘प्रीएम्प्शन डिसेबल्ड अ‍ॅट’ची ओळ आणि बॅकट्रेसमधली तुमच्या ड्रायव्हरची पहिली दोन फंक्शनं इथे टाका. पुढचं त्यावरून बघू.